घट्ट बूट

माझं काम सेकंद मोजायचं.
निळ्या झाकणाच्या नळीत रक्त येतं, सायट्रेटने थोपवलेलं.
गरगर फिरवून त्यातला पिवळसर द्रव मी वेगळा काढते,
वर कॅल्शियमचा थेंब सोडते,
आणि बघत बसते, किती वेळ पाण्यासारखं वागतंय.
मग एकदम, दुधाने साय धरावी तसं,
साकळतं.

लायडनमध्ये अशी वीस वर्षं गेली.
नळ्यांना चेहरा नसतो. जन्मतारीख असते,
आणि डॉक्टरने खरडलेली ओळ:
डावी पोटरी. वय सव्वीस. गोळी घेते.
गोळी म्हणजे कुठली, ते विचारावं लागत नाही.

ही योरिंदे. कालव्यात होडी वल्हवणारी.
पोटरीत गोळा आला असेल म्हणत
चार दिवस बर्फ लावत बसली.
पाचव्या दिवशी जिन्यात
श्वास अर्ध्या पायरीवर राहिला.

महिन्याभराने खिडकीशी आली, हातात कागद.
"यात आमच्या गावाचं नाव का?
मी इथलीच, म्हणून?"
हसू आलं. आवरलं.
नाही गं, म्हटलं, इथे सापडला तो, एवढंच.
ओस्लोत असतो, इझ्मिरला असतो,
माणसं ज्या वाटांनी गेली त्या वाटांनी गेलाय.
रक्त गोठवणाऱ्यांतला पाचवा घटक,
त्याला वेळेवर कापायला एक कात्री येते.
तुझ्यात एक अक्षर असं चुकलंय
की कात्री तिथे घसरते.
जन्मभर कदाचित कळलंही नसतं.
गोळीने फक्त

"फक्त काय?"
मागे आई उभी होती, हिल्के,
पर्समध्ये काहीतरी शोधत.
काचेखालून तिने एक पट्टी सरकवली.
रात्री अंगातून वाफा निघतात म्हणून दिलेली,
अर्धी संपलेली.
"मग हीसुद्धा?"

मी डॉक्टर नाही.
मी फोन फिरवला आणि रिसीव्हर तिच्याकडे दिला.
पलीकडे संगीत वाजत राहिलं,
आणि ते वाजत असतानाच ती बोलू लागली, माझ्याशी नव्हे,
लेकीशीही नव्हे.

आल्त्ये, तिची थोरली बहीण.
चौऱ्याहत्तर साल. लग्नाला तीन आठवडे.
घर व्हायचं होतं आधी, मग मूल,
म्हणून गोळी. नवीच.
रात्रभर गाडीत बसून प्रवास,
सकाळी फलाटावर उतरली
आणि तिथेच.
डॉक्टर म्हणाले, हृदय.
आई म्हणाली, बूट. नवे होते, घट्ट होते, मी सांगितलं होतं.
तेव्हापासून आमच्या घरात मुलींना
एक नंबर मोठेच बूट.
टाचा सोलून निघायच्या. बोटांशी कागदाचे बोळे.
"मी हिलाही तसेच घेत आले," ती म्हणाली,
"का ते विसरूनसुद्धा."

योरिंदेने खाली पाहिलं.
मीही पाहिलं.

मला गोळीला शिव्या घालता येत नाहीत.
अकरा वर्षं घेतली मी, सकाळच्या चहाबरोबर,
आणि काही झालं नाही.
माझ्या आजीला नऊ झाली, दहाव्याला ती गेली,
तिला कुणी एक पट्टी दिली असती तर
मी तिला पाहिलं असतं.
रागच धरायचा तर त्या एका प्रश्नाचा धरीन:
घरात कुणी तरुण बाई अचानक गेली का?
तो कुणी विचारला नाही.
आणि विचारला असता
तरी काय उत्तर आलं असतं? बूट.

हिल्केने बाही वर केली.
आमच्याकडे रक्त घेत नाहीत, पलीकडच्या दालनात घेतात,
तरी मी तिला नाही म्हटलं नाही, सोबत गेले.
नळी भरत होती, गडद, निवांत.
योरिंदे बाकावर बसली,
मग जपून वाकली
(पोटावर इंजेक्शनांचे निळे डाग असणार)
आणि दोन्ही बुटांच्या नाड्या
ओढून, ओढून,
घट्ट बांधल्या.